काहीतरी साधेच

गृहस्थाश्रमात प्रवेश केलेल्या प्रत्येक पुरुषाला दुपारच्या चहानंतर केव्हातरी एक प्रश्न विचारण्यात येतो, आणि तो ऐकू आलाच नाही अशा मुद्रेने वर्तमानपत्राचे पान उलटण्याची कला ज्याला साधली नाही त्याचा संसार सुखाचा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. "रात्री काय करू?" हा तो प्रश्न. व्याकरणदृष्ट्या तो प्रश्नार्थक असला तरी व्यवहारतः ती इशारेवजा नोटीस असते. तिला "काहीही चालेल" असे उत्तर देणारा गृहस्थ आपण फार उदार अंतःकरणाचे आहोत अशा समजुतीत वावरतो. वास्तविक त्याने सगळा कारभार दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्वतः नामानिराळे राहण्याची तजवीज केलेली असते, आणि पुढे पानात दोडका पडल्यास हरकत घेण्याचा हक्कही राखून ठेवलेला असतो. यावर जे प्रत्युत्तर येते ते साऱ्या महाराष्ट्रात, आणि मराठी माणूस पोटामागे जेथे जेथे गेला तेथे तेथे, अक्षरशः एकच आहे : "मग काहीतरी साधंच करते."

आता ‘साधे’ म्हणजे काय, याचा निवाडा ग्रंथावरून होत नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र’ प्रसिद्ध केले तेव्हा त्याला ‘एक हजार पाकक्रिया’ अशी जोड दिली होती. रोज एक म्हटली तरी ती पावणेतीन वर्षांची बेगमी झाली. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने कित्येक नवविवाहितांची अब्रू राखली. ही दोन्ही पुस्तके आमच्या घरी आहेत, आणि दोहोंच्या पानांवर हळदीचे डाग असल्यामुळे ती केवळ शोभेची नाहीत हेही सिद्ध आहे. परंतु संध्याकाळी सात वाजता, देवापुढे दिवा लावून झाल्यावर, यांपैकी एखादे उघडले गेल्याचे मी कधी पाहिलेले नाही. याचे कारण असे की, पाकशास्त्राचा ग्रंथ पदार्थाचे नाव आधी जाहीर करतो आणि साहित्याची मागणी मागाहून नोंदवतो. संध्याकाळच्या स्वयंपाकाचा क्रम नेमका उलटा. कोणत्या डब्यात काय शिल्लक, सकाळची आमटी किती उरली, कोथिंबिरीच्या जुडीचा कोणता भाग अद्याप हिरवा आहे, याची रुजवात झाल्यावाचून तेथे पदार्थाचे नाव निघतच नाही. आणि हा सगळा ताळेबंद कोणत्याही वहीत न लिहिता, चोवीस तास अद्ययावत ठेवणारी व्यक्ती "मी काय, साधंच तर केलंय" असे म्हणून मोकळी होते. मुलकी खात्यात उभी हयात घालवलेल्या मला असा एक अव्वल कारकून लाभता, तर जमाबंदीच्या दिवसांत मी दुपारची झोप सोडली नसती.

हे विचार पुण्यात सुचण्याचा संभव नव्हता, कारण तेथे डबा रिकामा झाला की पायांत चपला सरकवून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाता येते आणि तत्त्वचिंतनाला अवसर उरत नाही. ते सुचले कोवलमला. कोवलम म्हटल्याबरोबर आमच्या आप्तेष्टांच्या डोळ्यांपुढे केरळ उभे राहते आणि "येताना केळ्याचे वेफर्स आणा" अशी फर्माईश हटकून येते. म्हणून खुलासा करतो की, हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कोळ्यांचे जुने गाव. उत्तरेला मुट्टुकाडूची खाडी, पूर्वेला बंगालचा उपसागर आणि पश्चिमेला केळंबाक्कमचा रस्ता, ज्याच्या पलीकडे सिरुसेरीच्या संगणक-कचेऱ्यांपैकी एकीत आमचे चिरंजीव रात्री-अपरात्रीपर्यंत कोणीतरी केलेल्या चुका दुरुस्त करीत बसतात. २०२१ साली येथल्या किनाऱ्याला स्वच्छतेचा ‘ब्लू फ्लॅग’ हा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला. पण समुद्राचे वर्णन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आमच्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध एवढाच की, त्याच्या वाऱ्याने मीठ पाझरते, पापड वातड होतात, आणि पातळ पोह्यांचा चिवडा करण्याचा बेत खुद्द पोह्यांनाच नामंजूर असतो.

परमुलखात निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात कपड्यांपेक्षा डबे अधिक असतात. गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, भाजणी, कुळथाचे पीठ, लसणीची चटणी, आणि केव्हा लागेल हे सांगता येत नाही म्हणूनच आवर्जून न्यावयाचे ते नाचणीचे सत्त्व, एवढा सरंजाम आगगाडीच्या बाकाखाली बसवल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा मी नापसंती व्यक्त केली आणि ती नेहमीप्रमाणे दप्तरी दाखल झाली. या वहिवाटीला ऐतिहासिक आधार असल्याचे मागाहून माझ्या लक्षात आले. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीत या प्रांती उतरले, तेव्हा त्यांनी मद्रासच्या इंग्रजांना पत्र धाडून मालदीवचे नारळ, शक्तिवर्धक औषधे आणि विषावर उतारा म्हणून त्या काळी मोल पावलेले खडे, अशा जिनसा मागवल्या होत्या. इंग्रजांनी माल पाठवला आणि किंमत घेण्याचे नाकारले. मुलूखगिरीवर निघालेल्या राजालाही वाण्याकडे यादी धाडणे चुकले नाही, तेथे आमची काय कथा! फरक एवढाच की, आमच्या येथल्या वाण्याने किंमत नाकारल्याचा दाखला अद्याप उपलब्ध नाही.

तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात एके दिवशी आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून तिला ‘सांबार’ म्हणू लागले, ही आख्यायिका तामिळ देशी आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत यजमानांना ऐकवतो. तिला दप्तरी पुरावा मी पाहिलेला नाही. यजमान ती अत्यंत सौजन्याने ऐकून घेतात, कारण ती त्यांनी यापूर्वीही ऐकलेली असते, आणि ऐकता ऐकता आपल्या भातावर आणखी एक पळी सांबार वाढतात. माझ्या मते मात्र ही कथा खोटी असली तरी तिच्यातला स्वयंपाकी शंभर टक्के खरा आहे. जिन्नस संपला म्हणून त्याने जेवण तहकूब केले नाही. शेजारच्या बरणीत हात घातला.

आमच्या शेजारच्या बरण्या मामींच्या मालकीच्या आहेत. मामी कुंभकोणमकडच्या, वयाने आमच्या सौभाग्यवतींएवढ्याच, त्यामुळे दोघी एकमेकींना ‘मामी’च म्हणतात. एकीला मराठी येत नाही आणि दुसरीला तामिळ येत नाही. परंतु चिंच भिजत घालण्यापासून मुलांच्या लग्नापर्यंत कोणत्याही विषयावर त्यांचे संभाषण अडल्याचे मी पाहिले नाही. मेतकूट संपले तेव्हा मामींनी परुप्पु पोडीचा डबा पुढे केला. आमच्या मेतकुटात हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, मोहरी, सुंठ, हिंग अशी सर्वपक्षीय परिषद भरलेली असते. मामींच्या पोडीत भाजलेल्या तुरीच्या डाळीचे एकपक्षीय सरकार, मिरची आणि हिंग यांच्या बाहेरून पाठिंब्यावर चालते. ऊन भात, वर तूप आणि त्यावर ही पोडी कालवून पहिला घास घेतल्यावर सौभाग्यवती काही क्षण गप्प राहिल्या व नंतर म्हणाल्या, "बरी आहे." ज्यांना देशस्थ प्रशंसेची परिमाणे ठाऊक आहेत त्यांना या दोन शब्दांचे वजन सांगावयास नको. त्या बदल्यात गेलेल्या सांडगी मिरचीचे मामींना मात्र काहीच नवल वाटले नाही. ताकात मुरवून उन्हात वाळवलेली मिरची त्यांच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या आहे, एवढेच नव्हे तर ती अधिक तिखट आहे, हे त्यांनी ताबडतोब सिद्ध करून दाखवले आणि मी दीड तांब्या पाणी प्यायलो.

मतभेदाचा प्रसंग आला तो आषाढी एकादशीला. महाराष्ट्राचा उपास ज्या साबुदाण्यावर पार पडतो तो बव्हंशी याच तामिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात, टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. म्हणजे पंढरीच्या विठोबाची एकादशी एका अर्थी सेलमच्या भरवशावर चालते. परंतु ज्या मुलखात साबुदाणा पिकतो त्या मुलखात त्याचे पायसम करतात, पळीपापड घालतात, आणि तो खाऊन उपास करता येतो ही कल्पना कोणालाही नाही. मामींच्या घरी एकादशी म्हणजे दिवसभर लंघन. आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या फोडी हे पाहून, "आज सण आहे का?" असे त्यांनी भाबडेपणाने विचारले. उपास आहे असे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला त्याचे वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही.

साध्या जेवणाचे खरे मर्म जाणतात ते येथले कोळी. ताजी मासळी आली की ती बहुतांशी लिलावात जाते. घरच्या मडक्यात पडते ते पुष्कळदा करुवाडु, म्हणजे वाळूवर उन्हात वाळवलेले खारे मासे, चिंचेच्या कोळात वांग्याबरोबर रटरटवलेले. वादळवाऱ्याच्या दिवसांत होडी पाण्यात लोटता येत नाही तेव्हा हाच आधार. आमच्या कोकणात पावसाळ्यापूर्वी सुके बोंबील, सोडे आणि जवळा भरून आगोट करतात तीच ही नीती. फक्त मोसम वेगळा. आणि येथेच आमच्या सौभाग्यवतींच्या आयुष्यभराच्या शिरस्त्याने दगा दिला. वैशाखात डाळी-पिठे भरून ठेवावयाची आणि आषाढ-श्रावणात ती उपसावयाची, हे वेळापत्रक त्यांना आईकडून वारशाने मिळालेले. त्याप्रमाणे त्यांनी कोवलमलाही मे महिन्यात डबे गच्च भरले. परंतु या किनाऱ्यावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आषाढात येथे लख्ख ऊन पडले होते आणि आम्ही पावसाळा समजून भाजणीची थालिपीठे खात होतो. दिवाळी आटोपून आकाश खरोखर भरून आले तेव्हा डबे तळाला गेले होते.

गावाला एके काळी किल्ला होता. १७५२ साली तो फ्रेंचांच्या शिबंदीकडून क्लाइव्हने घेतला. त्याच्या हाताखालची फौज इतकी नवशिकी होती की, मेकॉलेने लिहून ठेवल्याप्रमाणे, किल्ल्यातून आलेल्या एका गोळीने एक गडी पडताच बाकीचे पळत सुटले, आणि दुसऱ्या एका प्रसंगी तोफेच्या आवाजाने घाबरलेला एक पहारेकरी कित्येक तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला. इतिहासकारांना विहिरीच्या तळाचा शोध लागतो, कोठीच्या तळाचा लागत नाही. किल्ला पडला त्या संध्याकाळी आत किती तांदूळ होता आणि रात्री कोणी काय रांधले हे त्यांच्या मजकुरात नसते. शिवकालीन राज्यव्यवहाराने या बाबतीत हयगय केली नाही. अठरा कारखान्यांच्या यादीत जवाहीरखान्याच्या पंक्तीला मुदबखखाना आणि अंबरखाना, म्हणजे स्वयंपाकघर आणि धान्याचे कोठार, यांची स्वतंत्र गणना आहे, आणि पन्हाळ्यावरच्या धान्यकोठारांना तर गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे आहेत. हे सर्व मी सौभाग्यवतींना उत्साहाने सांगितले. त्यावर, आपल्याकडे हे दोन्ही कारखाने आहेतच, उरलेल्या सोळांपैकी तुमच्याकडे कोणता, अशी पृच्छा झाली आणि मी हवामानाची बातमी लावली.

बातमी चांगली नव्हती. २०२३ च्या डिसेंबरच्या आरंभी मिचाँग नावाचे चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्याजवळ येऊन रेंगाळले आणि तीन-चार तारखांना आभाळाने या सगळ्या टापूवर पाणी ओतले. होड्या आधीच वर ओढून बांधल्या होत्या. वीज गेली. वीज गेल्याबरोबर मामींच्या स्वयंपाकघराचा उजवा हातच गेला, कारण तामिळ गृहस्थाचा संसार ज्यावर उभा आहे ते इडली-डोशाचे पीठ दळणारा वेट ग्राइंडर मुका झाला, आणि शीतकपाटात होते ते पीठ थंडाव्याचा अंमल संपताच भांड्याबाहेर येऊन स्वातंत्र्य जाहीर करू लागले. वरच्या मजल्यावर राहणारी नागपूरची दोन संगणक-शिक्षित मुले, ज्यांचा अंबरखाना म्हणजे फोनमधल्या दोन-तीन खाणावळी, ती दुपारपर्यंत बिस्किटांवर तगली आणि अंधार पडताच, "काकू, जरा मेणबत्ती मिळेल का?" असे म्हणत खाली आली. मेणबत्ती त्यांना नको होती, हे मेणबत्ती दिल्यावरही ती दारातून हलली नाहीत यावरून काकूंनी ओळखले.

"पिठलं-भात टाकते," सौभाग्यवती म्हणाल्या.

मराठी माणसाच्या राज्यघटनेत आणीबाणीची तरतूद म्हणून जे कलम आहे ते हेच. पाहुणा अवेळी येवो, भाजीवाला न येवो, घरात आजार असो वा आभाळ फाटो, पिठले चुकत नाही. त्याला वीज लागत नाही, भाजी लागत नाही आणि पूर्वसूचना लागत नाही. मामींनी "पिठलं" हा शब्द ऐकून "ओ, पिट्लै!" असे आनंदाने म्हटले, परंतु त्यांच्या पिट्लैमध्ये कारले, चिंच आणि वाटलेले खोबरे असते हे उघड झाल्यावर त्यांनी येथे घडते तरी काय ते पाहण्यासाठी पाट ओढून घेतला. मला बॅटरी धरण्याचे काम मिळाले. अठरांपैकी एकही कारखाना माझ्याकडे नव्हता. आता निदान मशालजीची असामी लाभली.

बेसनाचा डबा काढला तो हलका लागला. आत जेमतेम वाटीभर पीठ, तेही दमट हवेने गोळ्यागोळ्यांचे झालेले. ते चाळणीवर धरून बोटांनी मोडता मोडता सौभाग्यवतींनी माणसे मोजली आणि ओठ मिटले. मामींच्या ते ध्यानात आले. त्या उठून गेल्या आणि पोट्टुक्कडलै, म्हणजे आपले पंढरपुरी डाळे, घेऊन आल्या. मिक्सर बंद, तेव्हा ते खलबत्त्यात कुटण्याचे काम नागपूरकरांवर सोपवण्यात आले. दिवसभर यंत्रांना आज्ञा देणाऱ्या त्या दोन सुशिक्षित तरुणांनी जे पीठ सिद्ध केले त्यापैकी बरेचसे जमिनीवर होते, पण उरले ते कामापुरते झाले. कढईत तेल तापले, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, ठेचलेला लसूण, मिरच्यांचे तुकडे आणि मामींच्या झाडाचा कढीपत्ता चरचरला. मग कांदा. तो गुलाबी झाल्यावर पाणी. आता पीठ पाण्यात आधी कालवून ओतावे की उकळत्या आधणात कोरडे पेरावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात जितकी घरे तितकी पीठे आहेत. आमच्या घरी पेरण्याचा संप्रदाय. डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ झरते आहे, उजव्या हातातला डाव एका लयीत फिरतो आहे, गुठळी दिसली की कढईच्या कडेला चेपली जाते आहे, आणि वाफेचे बुडबुडे फुटताना ‘फद् फद्’ असा आवाज निघतो आहे, हे दृश्य मामी अशा एकाग्रतेने पाहत होत्या की, दुसऱ्या शेगडीवरचे त्यांचे रसम उतू जाता जाता राहिले.

पंगत बसली. ऊन पिठले, ऊन भात, मिरीचे झणझणीत रसम, भाजलेले वातड पापड आणि सांडगी मिरची. चोखंदळ लोकांना खिचडीचे तांदूळ वेगळे आणि पिठल्याच्या भाताचे वेगळे लागतात. त्या रात्री पोन्नी तांदळाविरुद्ध कोणीही तक्रार गुदरली नाही. खरवडीवर नागपूरकरांत तंटा झाला आणि तो मामींनी खरवड स्वतः घेऊन मिटवला. पुढे पावसात मध्येच फोनला जीव आला तेव्हा पुण्याहून मेहुणीने, "जेवलात का गं? काय केलं होतंस?" असे विचारले. "काही नाही, साधंच," असे उत्तर गेले.

दुसऱ्या दिवशी मामी वही घेऊन आल्या. पिठल्याची कृती त्यांना हवी होती आणि रसमची आम्हांला. लेखनिक म्हणून माझी नेमणूक झाली. आयुष्यभर तपशिलाशी खेळलेला मी, दोन रकाने आखून, पेन्सिलीला टोक करून बसलो. पिठल्याच्या रकान्यात जी नोंद झाली ती अशी : बेसन, माणसे पाहून. पाणी, लागेल तेवढे. मीठ, चवीपुरते. तेल, हात आखडता न घेता. वेळ, होईपर्यंत. रसमच्या रकान्यात मामींनी इंग्रजी-तामिळ मिश्र भाषेत सांगितलेला तपशील याहून निराळा नव्हता. चिंच ‘लिंबाएवढी’ होती, पण लिंबू केवढे हे विचारताच त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. दोघींनी तो कागद माझ्याकडून वाचवून घेतला, कृती अगदी बिनचूक उतरली असल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि मामींनी त्याची एक प्रत वहीत घालून नेली. त्यांच्या माघारी सौभाग्यवतींनी आमच्या प्रतीवर, शेऱ्याच्या रकान्यात, स्वहस्ते एक ओळ लिहिली : "मीठ किंचित जास्त पडले, कारण मशालजी ऐन वेळी बॅटरी रसमवर धरून होते." या शेऱ्याविरुद्ध मी रीतसर अपील दाखल केले असून, अपिलाची सुनावणीही शेरा लिहिणाऱ्याच अधिकाऱ्यापुढे असल्यामुळे तारखा पडत आहेत.